तळटीप १२ : रुपयावर लगाम कोणाचा?

1893 पूर्वी कोणीही चांदी देऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी सरकारने ही मुभा बंद केली. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स ठरला आणि रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर आले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (1923) या ग्रंथात डॉ. आंबेडकरांचा मुख्य आक्षेप हाच आहे : चलन काढणाऱ्याच्या हातावर बंधन नसेल, तर रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहत नाही. पुढे चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोरही त्यांनी साक्ष दिली. या आयोगाने सुचवलेली मध्यवर्ती बँक 1 एप्रिल 1935 रोजी ‘रिझर्व्ह बँक’ म्हणून सुरू झाली. आंबेडकरांना मात्र चलन काढण्यावर कायद्याचीच मर्यादा हवी होती, हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. — संपादक