सात गाण्यांचा क्रम

कानातले इअरफोन काढून खिशात ठेवा. चाळीच्या जागी उभा राहिलेला चाळीस मजली टॉवर, लिफ्ट, ऑगस्ट २०२५मध्ये वाटलेल्या ५५६ घरांच्या चाव्यांपैकी तुमची ती एक चावी, सगळं मागे राहिलंय. तुमच्या पायाखाली वरळीच्या बीडीडी चाळीचा जिना आहे. साल १९५३, वार बुधवार, रात्रीचे आठ वाजायला आलेत.

दुसरा मजला. मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्यांच्या रांगा, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. रॉकेलच्या स्टोव्हचा वास, कुठूनतरी सुकट भाजल्याचा. एका दाराशी माणसं दाटून बसलीत. बायका आत, पुरुष पॅसेजमध्ये, पोरं उंबऱ्यावर. "पाव्हणं, उभं का? सरका रं जरा," कुणीतरी म्हणतं आणि तुम्हाला वीतभर जागा होते.

मजल्यावरचा एकुलता एक रेडिओ फळीवर आहे, वर भरतकामाचा रुमाल. बटण फिरवलं तरी तो लगेच बोलत नाही, आतले व्हॉल्व्ह तापावे लागतात. आधी काचेमागे पिवळा उजेड येतो, मग खरखर, मग एक लांब शिट्टी. घरमालक काटा केसभर मागे घेतात. आवाज येतो, बुडतो, पुन्हा वर येतो. रेडिओ सिलोन.

ऑल इंडिया रेडिओवर सध्या फिल्मी गाण्यांना कात्री लागलीय. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे भक्त. त्यांची भक्ती खरी होती, हे मी मनापासून मानतो. पण आठ तास गिरणीत उभ्या राहिलेल्या माणसाने घरी येऊन काय ऐकावं, हे त्यांनी ठरवायला नको होतं. लोकांनी मुकाट्याने काटा सिलोनकडे वळवला. गेल्या डिसेंबरपासून तिथे दर बुधवारी 'बिनाका गीतमाला' लागते. अमीन सयानी नावाचा विशीतला तरुण बोलतो. त्याचं बोलणं याच मुंबईत ध्वनिमुद्रित होतं, टेप विमानाने कोलंबोला जाते आणि आवाज समुद्र ओलांडून परत वरळीत येतो.

सगळ्यांत पुढे, रेडिओला जवळजवळ चिकटून, एक माणूस बसलाय. सगळे त्याला मामा म्हणतात. मामा साचेखात्यात आहे. शेकडो साचे एकदम चालू असतात, धोटे इकडून तिकडे आपटत असतात, तिथे माणसं ओठ वाचून आणि हातवाऱ्यांनी बोलतात. वर्षानुवर्षांच्या त्या धडधडाटाने मामाचे कान गेल्यातच जमा आहेत. समोरच्याचे ओठ दिसले की त्याचं भागतं. रेडिओला ओठ नाहीत. म्हणून त्याने उजवा तळवा पेटीच्या लाकडावर सपाट टेकवलाय. ठेका तिथून त्याच्या मनगटात चढतो. चाल मात्र तो बहुतेक आठवणीतून भरून काढतो. गाण्याचे पहिले दोन सूर कानी पडले की पुरे. बोटं हलायला लागतात.

कार्यक्रमात सात गाणी लागतात. ती कुठल्या क्रमाने आली, म्हणजे आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, ते ओळखून लिहून पाठवायचं. बक्षीस शंभर रुपये. शंभर रुपयांत गावाकडच्या किती मनीऑर्डरी होतील, याचा हिशेब इथल्या प्रत्येकाच्या डोक्यात तयार आहे.

गाणी संपतात. मामा पेटीवरचा हात काढतो. एक शाळकरी पोरगा मांडीवर पाटी, पाटीवर कार्ड घेऊन बसतो.

तुमचा हात सवयीने खिशाकडे जातो. फोनवर दोन सेकंदांत सगळी सालं सापडली असती, पण फोनला इथे विचारायला कुणी नाही. मामाला फोनची गरजही नाही. "'रतन'चं पैलं लिही," तो मोठ्याने सांगतो, बहिरी माणसं बोलतात तसं. "गोदीत स्फोट झाला ना, त्या सालचं." म्हणजे १९४४. "'अलबेला' संपाच्या दुसऱ्या सालचं." १९५०चा संप दोन महिने चालला होता. त्यानंतर १९५१मध्ये भगवानदादा पडद्यावर नाचले. ते गिरणी कामगाराचे चिरंजीव, त्यामुळे ते गाणं लागलं तेव्हा पॅसेजमधल्या प्रत्येकाचे खांदे हलले होते. "'बैजू बावरा' परवाचं, ते शेवटी टाक."

पोरगा लिहितो. एकेक गाणं आपल्या सालाला जाऊन बसतं: कुठे जहाजं फुटली, कुठे चूल थंड राहिली, कुठे कुणाला बदलीची नोकरी कायम झाली. सहा झाली.

"मामा, 'महल'चं ऱ्हायलं."

लताबाईंचं ते गाणं. सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, सिनेमातल्या पात्राचं नाव. हा आवाज कुणाचा, हे विचारायला रेडिओवर पत्रांचा पाऊस पडला होता. या मजल्यावर ते सगळ्यांना पाठ आहे. मघाशी ते लागलं तेव्हा मामाची बोटं लाकडावर निश्चल होती, हे तुम्हाला आता आठवतं.

मामा पोराच्या ओठांकडे बघतो. त्याला कळलंय. "ते..." म्हणतो आणि थांबतो. "ते कवाचं, ध्यानात न्हाई."

आतून, पदर सावरत, मामी उंबऱ्यापर्यंत येते. नवऱ्याला दिसावं म्हणून त्याच्या समोर बसते.

"संपाच्या आदल्या सालचं," ती ओठ सावकाश हलवत म्हणते. "इराण्याच्या हॉटेलात लागलं व्हतं. आपुन थोरल्याला केईएममधनं घरी आणत हुतो त्या राती."

पॅसेजमध्ये कुणी हलत नाही. मामा मान डोलावतो.

"'अलबेला'च्या आधी लिही," तो पोराला सांगतो. पोरगा लिहितो, शाई वाळावी म्हणून कार्डावर फुंकर मारतो आणि मामाच्या हातात देतो.