मिलानचे रक्तसाक्षी आणि बिशपची वेदी

श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या ख्रिस्ती रक्तसाक्षींची थडगी रोमन रिवाजानुसार नगराबाहेरच्या दफनभूमींत असत आणि त्यांच्या मृत्युदिनी, तो स्वर्गातील जन्माचा दिवस मानून, भाविक तेथे जमत. दुसऱ्या शतकात स्मर्ना येथे जाळल्या गेलेल्या बिशप पॉलिकार्पच्या अस्थी अनुयायांनी सोन्यारत्नांहून मोलाच्या मानून जपल्याचा वृत्तान्त उपलब्ध आहे. या स्मरणात थडग्यापाशी अन्न आणि मद्य नेऊन भोजन करण्याची जुनी रोमन रीतही मिसळली होती. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनची आई मोनिका आफ्रिकेतील सवयीप्रमाणे मिलानमध्येही खीर, भाकरी आणि मद्य घेऊन गेली, तेव्हा द्वारपालाने तिला अडवले, कारण बिशप अँब्रोझने ही प्रथा बंद केली होती.

ही मनाई किरकोळ वाटली, तरी कुटुंबांच्या हातातील भक्ती बिशपच्या देखरेखीखाली आणण्याचा जो प्रयत्न अँब्रोझने चालवला होता, त्याचाच ती भाग होती. इ. स. 386 मध्ये सम्राट दुसऱ्या व्हॅलेंटिनियनची आई जस्टिना हिने ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथासाठी मिलानमधील एक चर्च मागितले आणि अँब्रोझने ते देण्यास साफ नकार दिला. हा वाद ताजा असतानाच, जूनमध्ये, त्याच्या नव्या बॅसिलिकेच्या प्रतिष्ठापनेसाठी लोकांनी रक्तसाक्षींचे अवशेष हवेत असा आग्रह धरला. मग नाबोर आणि फेलिक्स या रक्तसाक्षींच्या स्मारकापाशी खोदकाम झाले आणि गर्व्हेसियस व प्रोटेसियस यांचे म्हणून दोन धिप्पाड देहांचे सांगाडे सापडले. मिरवणुकीत एका आंधळ्याला दृष्टी आल्याचे अँब्रोझने आपली बहीण मार्सेलिना हिला पत्राने कळवले, तर एरियनांनी हा सारा बनाव ठरवून त्याची थट्टा केली. शोधाची वेळ बिशपच्या फारच सोयीची होती हे नाकारता येत नाही. मात्र अवशेषांच्या सामर्थ्यावर लोकांचा विश्वास आधीपासून नसता, तर ती सोय कामाला आली नसती.

अवशेष वेदीखाली, अँब्रोझने स्वतःच्या दफनासाठी राखलेल्या जागेत ठेवले गेले, आणि 397 मध्ये तोही त्यांच्याजवळच विसावला. यामुळे रक्तसाक्षीचे स्मरण आणि बिशपच्या हातून होणारा प्रभुभोजनाचा विधी एकाच ठिकाणी आले. विशेष म्हणजे अवशेष सापडले त्याच वर्षी, म्हणजे 386 च्या फेब्रुवारीत, पूर्वेचा सम्राट थिओडोसियस याने पुरलेला देह हलवण्यास आणि रक्तसाक्षींच्या अवशेषांच्या खरेदी-विक्रीस बंदी केली होती, यावरून असे व्यवहार तेव्हा सर्रास होऊ लागले असावेत असे दिसते. बंदीचा फारसा उपयोग झाला नाही. अँब्रोझकडून अवशेष गॉलमधील रुआँच्या बिशप व्हिक्ट्रिसियसपर्यंत पोचले. त्याने अवशेषाच्या लहानशा कणातही संताचे सामर्थ्य पूर्णपणे असते असे प्रतिपादन केले, आणि त्यामुळे अवशेषांची वाटणी करण्याला धर्मशास्त्रीय आधार मिळाला. गॉलमधीलच व्हिजिलँशियस या पाद्र्याने ही सारी राखेची पूजा असल्याची टीका केली, तेव्हा धर्मपंडित जेरोमने 406 मध्ये तिला अत्यंत कडवट उत्तर दिले. पुढे 787 च्या दुसऱ्या निकिया धर्मपरिषदेने अवशेषांवाचून चर्चची प्रतिष्ठापना करणाऱ्या बिशपला पदच्युत करण्याचा नियम केला.