जाहीरनामा, मत आणि आपलं कोल्हापूर

विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की वंदनेनंतर जुन्या गोष्टी निघतातच. अशाच एका बैठकीत एका तरुणानं विचारलं, "1937 च्या निवडणुकीत आपल्या कोल्हापूरच्या आज्या-पणज्यांनी बाबासाहेबांच्या पक्षाला मतं दिली असतील की?" बऱ्याच जणांनी मान डोलावली. आम्हाला मात्र नाही म्हणावं लागलं. त्यांनी मत दिलं नाही, कारण तो हक्कच त्यांना नव्हता.

कोल्हापूर तेव्हा संस्थान. 1935 च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्याची जी निवडणूक झाली ती ब्रिटिश मुलखापुरती. कागल ओलांडलं की निपाणी. पण निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अंमलात. तिथं मतपेटी आली, कागलात आली नाही. निपाणीत तरी सगळ्यांना कुठं मत होतं? मिळकत, सारा, शिक्षण अशा अटींत बसेल त्यालाच. गावकुसाबाहेरच्या वस्तीत असे किती निघणार, ते वाचकांनीच ताडावं.

हे मनाला बोचतं, कारण इतर बाबतींत आपलं संस्थान इंग्रजी मुलखाच्या पुढं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं, 1918 साली महारकी वतनाचं जोखड काढलं. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत "हा तुमचा पुढारी" म्हणून तरुण भीमरावांना लोकांपुढं उभं केलं, ते याच मातीत. आणि त्या पुढाऱ्याचा पक्ष निवडणुकीला उतरला तेव्हा माणगावची माणसं नुसती बघत राहिली.

हा पक्ष म्हणजे स्वतंत्र मजूर पक्ष. ऑगस्ट 1936 मध्ये बाबासाहेबांनी तो काढला व जाहीरनामा छापला. पुणे कराराप्रमाणे मुंबई विधानसभेच्या 175 जागांपैकी 15 जागा अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. जागा जातीवर वाटलेल्या, मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे, समाज तर आधीच हजार तुकड्यांचा. अशा वेळी आपल्यापुरत्या पंधरा जागांचा जाहीरनामा लिहिणं सोपं होतं. बाबासाहेबांनी तसं केलं नाही. पक्षाच्या नावात 'दलित' न घालता 'मजूर' घातलं, कारण मजुरांत दलित येतातच, पण दलितांत सगळे मजूर येत नाहीत.

आम्ही तो जाहीरनामा वाचला. पानं थोडी, पण भाषण कमी आणि कामं जास्त. कुळांना खोतांच्या व तालुकदारांच्या जाचातून संरक्षण. शेतकऱ्याला कर्जासाठी भूविकास बँका आणि सहकारी संस्था. गिरणी कामगाराच्या नेमणुकीला व बडतर्फीला कायद्याची वेसण, कामाच्या तासांना मर्यादा, पुरेशी मजुरी, पगारी रजा, स्वस्त आणि स्वच्छ घरं. गरज असेल तिथं उद्योग सरकारनं चालवावेत. बेकारांसाठी जमिनीवर वसाहती आणि सार्वजनिक कामं. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं, शिवाय तांत्रिक शिक्षण. खेड्यात वाचनालय, सभागृह, इतकंच काय, फिरता सिनेमासुद्धा! आमच्या वाचनात ही ओळ आली तेव्हा आम्ही थबकलोच. ज्या खेड्यात आपल्या माणसाला पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, तिथल्या माणसानं सिनेमा बघावा, जग बघावं, हे त्या माणसाच्या डोक्यात होतं.

काँग्रेसचा जाहीरनामाही त्याच महिन्यातला. त्याचा मुख्य भर 1935 ची घटना नाकारण्यावर होता. डिसेंबरात खानदेशात फैजपूरला अधिवेशन भरलं, तिथं काँग्रेसनं शेतीचा कार्यक्रम मंजूर केला. सारा कमी करणं, कर्जाचा बोजा हलका करणं अशी कलमं त्यात आली. पण जमीनदारी मोडण्याचं कलम काही आलं नाही. निंदा म्हणून सांगत नाही. मोठ्या पक्षात कूळ आणि जमीनदार दोघं बसले की जाहीरनामा असाच होतो.

मतदान फेब्रुवारी 1937 मध्ये झालं. मजूर पक्षानं 17 उमेदवार उभे केले आणि दोन-तीन सोडता सगळे आले. रत्नागिरी-कुलाबा भागात चित्रे, परुळेकर, टिपणीस हे सवर्ण समाजातले उमेदवार पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, ही लहान गोष्ट नाही. बेळगाव जिल्ह्यातून बळवंतराव वराळे आले. या यशात मतदानाच्या रीतीचाही हात होता. जिथं एकापेक्षा जास्त जागा तिथं मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला टाकता येत, आणि आपल्या माणसांनी ती तशी एकगठ्ठा टाकली.

पण घरातली गोष्ट घरात बोलायला हरकत नाही. मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसनं उभे केले होते प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू. तेही अस्पृश्य समाजातले, चांभार समाजाचे. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले, म्हणजे बाळूंनाही मतं भरपूर पडली. जाहीरनामा सगळ्या कष्टकऱ्यांचा होता, तरी मतं बरीचशी महार समाजाचीच आली. मांग, चांभार बांधव मोठ्या संख्येनं आले नाहीत. दोष नुसता त्यांचा म्हणून चालणार नाही. आपल्या वस्तीत तरी आपण त्यांना किती जवळ केलं?

निवडून आल्यावर बाबासाहेबांनी जाहीरनामा बासनात बांधला नाही. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. सरकार काँग्रेसचं, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, विधेयक रखडलं. मग 10 जानेवारी 1938 ला कोकणचे हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. त्यात कुणबी होते, महार होते, एकाच मोर्चात. त्याच वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणारं विधेयक आलं, तेव्हा 7 नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला आणि त्यात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या बरोबरीनं उतरले. खोती पुढं 1949 च्या कायद्यानं गेली. तो कायदा केला काँग्रेसच्याच सरकारनं! आणि त्याच वर्षी, 1 मार्चला, कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. जाहीरनाम्यातलं कलम कायदा झालं त्या साली आपण राज्याच्या हद्दीत आलो.

पहिलं सार्वत्रिक मत आपल्याला मिळालं 1952 साली. त्याआधी, डिसेंबर 1950 मध्ये, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला होता, तोही त्यांच्या हयातीत. तोपर्यंत मजूर पक्ष जाऊन 1942 पासून शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन आलं होतं. फेडरेशनचा 1951 चा जाहीरनामाही कामाचा: पडीक जमिनीचं वाटप, यंत्रानं शेती, विम्याचं राष्ट्रीयीकरण, मागासलेल्यांना उच्च शिक्षण, आणि दारूबंदीनं बुडणाऱ्या महसुलावर सडकून टीका. पण नावातच जात आल्यावर बाहेरचा माणूस जवळ येईना. बाबासाहेब मुंबईत पडले. त्या जाहीरनाम्यात कम्युनिस्टांशी युती करणार नाही असं लिहिलं होतं. पाच वर्षांनी फेडरेशन त्यांच्याच शेजारी संयुक्त महाराष्ट्र समितीत बसलं.

1957 ची निवडणूक आपल्या थोरांना अजून आठवते. बाबासाहेबांना जाऊन तीन महिने होत होते. कोल्हापूरच्या लोकसभा मतदारसंघातून दोन खासदार जायचे, म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मतं. शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर आणि फेडरेशनचे शंकरराव दिगे असे दोघंही निवडून आले. राज्यपुनर्रचनेत म्हैसूरकडं गेलेल्या निपाणीच्या बाजूला, चिकोडीतून फेडरेशनचे दत्ता कट्टी आले. मराठा घरातलं एक मत फेडरेशनला आणि आपल्या घरातलं एक मत शेकापला, असा तो काळ. पण समितीला बांधणारा धागा होता मुंबईसह मराठी राज्याचा. 1960 साली राज्य मिळालं आणि समिती उसवली. कुळाच्या, भूमिहीनाच्या प्रश्नावर तशी मोट पुन्हा बांधली गेली नाही, हे आमचं मत. कुणाला पटणार नाही.

त्या निवडणुकीत आणखी एक पेच होता, तो थेट आपल्या धम्माशी जोडलेला. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा झाली होती, आणि 1950 च्या आदेशाप्रमाणे बौद्ध माणूस अनुसूचित जातीत धरला जात नव्हता. म्हणजे राखीव जागेचा अर्ज भरायचा तर बौद्ध म्हणून भरता येत नव्हता. 1964 साली सर्वोच्च न्यायालयानं पंजाबराव विरुद्ध मेश्राम खटल्यात तेच सांगितलं. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षानं पंतप्रधानांना दिलेल्या मागण्यांत बौद्धांच्या सवलती होत्या, आणि 6 डिसेंबरपासून त्यासाठी हजारो माणसं तुरुंगात गेली. केंद्राचा कायदा बदलला 1990 साली. तेव्हापासून जातीच्या दाखल्यावर बौद्ध धर्म लिहिलेला माणूसही राखीव जागेवर उभा राहू लागला.