माहीमची खाडी आणि पाणीपातळीच्या नोंदी

मुंबईच्या इतिहासात समुद्र हटवून जमीन मिळविल्याची हकीकत विपुल आढळते. त्या जमिनीवर पाणी किती चढते हे कोणी, कोठे आणि कोणत्या शून्यापासून मोजले, या प्रश्नाचा विचार मात्र त्या मानाने थोडा झाला आहे. प्रस्तुत लेखात माहीमच्या खाडीपुरता हा विचार करावयाचा आहे. भरतीची नोंद, पावसाची नोंद आणि गटारांची आखणी या तीन गोष्टी येथे निरनिराळ्या संस्थांच्या हाती निरनिराळ्या हेतूंनी वाढल्या; पुराचा धोका मात्र त्या तिन्ही जेथे एकत्र येतात तेथेच राहिला, असे येथे दाखवावयाचे आहे.

यांपैकी भरतीची नोंद सर्वांत नियमबद्ध होय. अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासून उपलब्ध आहे. विहिरीसारख्या बंदिस्त जागेत तरंगणारा गोळा पाण्याबरोबर वरखाली होई आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदावर लेखणी त्याची रेषा काढी. हिंदुस्थानातील बंदरांच्या भरतीचे गणित आगाऊ मांडण्यासाठी १८७९ मध्ये इंग्लंडात एक खास यंत्र तयार झाले. पुढे भारतीय सर्वेक्षण खात्याने समुद्राची सरासरी पातळी ठरविताना जी नऊ बंदरे आधारास घेतली, त्यांत अपोलो बंदर होते. १९०९ चा आधारतल तो हाच. या सर्व खटाटोपाचा हेतू जहाजांची सुरक्षित ये-जा आणि देशाचे उंचीमापन हा होता. खाडीकाठची वस्ती त्याच्या कक्षेत नव्हती.

शिवाय अपोलो बंदर हे पूर्वेकडील बंदराच्या बाजूस, तर माहीमची खाडी पश्चिमेस खुल्या समुद्राला मिळते. विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन येणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहून या खाडीत उतरते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी बाहेर पडण्याऐवजी मागे तुंबते, आणि ते किती तुंबेल हे मुखाच्या रुंदीवर व पात्राच्या आकारावर अवलंबून असते. या दोहोंतही माणसाने बदल केले. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीचा मार्ग वळविला गेला. १९७७ नंतर वांद्रे-कुर्ला संकुलाच्या उभारणीत दलदलीवर भराव पडला. तेव्हा अपोलो बंदरावरील आकड्यावरून कुर्ल्यातील पातळी वाचता येणे शक्यच नव्हते, आणि अपोलो बंदराच्या तोडीची दीर्घ नोंद मिठीच्या पात्राची कधीच तयार झाली नाही.

गटारांची आखणी करणाऱ्यांनी आणखी निराळे गृहीत धरले होते. शहराची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढ्याच हिशेबाची होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटर करावी असे सुचविले. त्यातच आधारतलांचा घोळ होता. भरतीचे आकडे नाविक नकाशांच्या शून्यापासून, भूमापनाचे सरासरी समुद्रपातळीपासून, तर पालिकेचे टाऊन हॉलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आधारतलापासून मोजले जात.

या तुटलेपणाची किंमत २६ जुलै २००५ रोजी कळली. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच अवधीत कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटर नोंदला गेला. पावसाचा मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला, आणि चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. हा आकडा नाविक शून्यापासूनचा असल्याने समुद्र त्या वेळी आपल्या सरासरी पातळीहून सुमारे दोन मीटर वर होता, असा त्याचा अर्थ होतो. भरतीची वेळ व उंची कोष्टकात आधीच छापलेली होती. उपनगरातील पावसाची वार्ता आणि मिठीची चढती पातळी मात्र तिच्याशी वेळेवर जोडली गेली नाही. शहरात चारशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, मिठीची पातळी मोजली जाऊ लागली, आणि जून २०२० मध्ये पाऊस, नदी व भरती यांचा एकत्र हिशेब करणारी ‘आय-फ्लोज मुंबई’ ही पूर्वसूचना-प्रणाली सुरू झाली. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठीने धोक्याची पातळी गाठताच कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील रहिवाशांना हलविण्यात आले. २००५ च्या मानाने हा फरक लहान नव्हे.

तथापि पातळीची नोंद धोका सांगते, तो कमी करीत नाही. पाण्याला जागा देणे हा निराळा प्रश्न आहे. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम याहून मर्यादित, पण आवश्यक आहे. जुन्या नकाशांत, पालिकेच्या दप्तरांत व बंदराच्या कागदांत विखुरलेल्या पातळ्या त्यांच्या आधारतलासह एकत्र लावल्या, तर खाडीचे पाणी केव्हा व कशामुळे चढू लागले हे ठरविता येईल. ज्या आकड्याचा शून्य हरवला, तो आकडा पुराव्यास निरुपयोगी होतो. म्हणून हे काम कागद शाबूत आहेत तोवरच हाती घेतले पाहिजे.