आभासी संगणकातला आभासी संगणक : अडल्यास काय पाहावे

मंडळाच्या जुन्या स्मरणिका श्रीलिपीत आहेत. त्या उघडण्यासाठी आम्ही विंडोज एक्सपी आभासी संगणकात चालवतो. तोही दुसऱ्या आभासी संगणकाच्या पोटात, म्हणजे सगळे बिऱ्हाड एकत्र हलवता येते.

आतला सुरू होत नसेल तर आधी मूळ यंत्राच्या बायॉसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही चालू आहे का, ते पाहावे. मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये बाहेरच्या संगणकाच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये 'नेस्टेड'ची खूण करावी. इंटेलसाठी ही सोय २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून आहे. खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसले, तर दोष हायपर-व्हीचा. मूळ विंडोजमधले हायपर-व्ही आणि 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करून यंत्र पुन्हा सुरू करावे. निम्मी दुखणी इथेच संपतात.

मेमरीत उदारपणा नको. एक्सपीला ५१२ एमबी पुरते. आणि काहीही बदलण्याआधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. स्मरणिकांची दुसरी प्रत कुठेच नाही.