'तेथून' आणि 'येथून' : दोन इंग्रजी क्रियाविशेषणांची कथा

इंग्रजी भाषेंत कांहीं क्रियाविशेषणें अशीं आहेत कीं, तीं रोजच्या बोलण्यांत सहसा कानीं पडत नाहींत. कायद्याचे मसुदे, जाहीरनामे आणि जुने ग्रंथ हींच त्यांचीं वसतिस्थानें. 'देन्सफॉर्वर्ड' हा शब्द अशांपैकींच एक. 'त्या वेळेपासून पुढें' हा त्याचा अर्थ. त्याचा सख्खा भाऊ 'हेन्सफॉर्वर्ड', म्हणजे 'या वेळेपासून पुढें'. संस्कृतांत 'ततः' आणि 'इतः', मराठींत 'तेथून' आणि 'येथून', तसेंच हें इंग्रजी जोडपें. या शब्दांतील मूळ अंश प्रथम स्थळ दाखवीत. पुढें ते काळाकडे वळले. 'येथून पुढें असें करूं नकोस' असें वडील मुलाला बजावतात, तेव्हां 'येथून' म्हणजे जागा नव्हे, तर क्षण, हें मुलाला सांगावें लागत नाहीं.

एक शब्द दूरच्या क्षणाकडे बोट दाखवितो, दुसरा बोलणाऱ्याच्या पायाखालच्या क्षणाकडे. व्याकरणाच्या वर्गांत हा भेद क्षुल्लक वाटेल; परंतु अमेरिकेच्या इतिहासांत सुमारें शंभर दिवस लाखों माणसांचें भवितव्य या दोन शब्दांच्या मध्यें अडकून राहिलें होतें.

१८६० सालच्या खानेसुमारीप्रमाणें अमेरिकेंत जवळजवळ चाळीस लक्ष गुलाम होते. १८६१ मध्यें दक्षिणेकडील संस्थानें फुटून निघालीं आणि यादवी युद्ध पेटलें. २२ जुलै १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं मंत्रिमंडळापुढें गुलामांच्या मुक्ततेचा मसुदा वाचला. पराभवाच्या छायेंत ही घोषणा केल्यास ती हताशपणाची किंकाळी ठरेल, विजयाची वाट पाहावी, असा सल्ला परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनीं दिला. १७ सप्टेंबरला अँटिटमच्या रणांगणावर बंडखोर सैन्याची चढाई रोखली गेली आणि २२ सप्टेंबर रोजीं पहिली घोषणा प्रसिद्ध झाली. १ जानेवारी १८६३ या दिवशीं जो प्रदेश बंडांत असेल, तेथील गुलाम 'तेव्हां, तेव्हांपासून पुढें आणि सदैव' मुक्त होतील, असें तींत म्हटलें होतें. 'तेव्हांपासून पुढें' याठिकाणीं योजलेला शब्द म्हणजेच 'देन्सफॉर्वर्ड'.

या शब्दांत वचन होतें, तशीच अटही होती. त्या तारखेपूर्वीं जें संस्थान संघराज्यांत परत येईल, त्याला ही घोषणा लागू होणार नव्हती. म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्रीं अनेक प्रार्थनामंदिरांत निग्रो समाज जागत बसला. दुसऱ्या दिवशीं बॉस्टनच्या ट्रेमॉन्ट टेंपलमध्यें, स्वतः गुलामगिरींतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस मोठ्या जनसमुदायासह तारेची वाट पाहत होते. रात्र बरीच झाली तेव्हां ती तार आली.

वॉशिंग्टनमध्यें त्या दिवशीं नववर्षाच्या भेटीगांठींत शेकडों लोकांशीं हस्तांदोलन करून लिंकन यांचा हात बधिर झाला होता. हात कांपला तर आपण कचरलों असें लोक म्हणतील, ही त्यांना चिंता. त्यांनीं सावकाश, ठळक सही केली. या अंतिम घोषणेच्या आरंभीं सप्टेंबरमधील मजकूर, त्यांतील 'देन्सफॉर्वर्ड'सह, उद्धृत केलेला आहे. परंतु खालीं प्रत्यक्ष आज्ञेच्या वाक्यांत 'मुक्त आहेत' असा वर्तमानकाळ येतो आणि त्याच्या जोडीला 'हेन्सफॉर्वर्ड' हा शब्द. शंभर दिवसांपूर्वींचें 'तेथून' हें 'येथून' झालें. 'सदैव' हा शब्द मात्र त्या वाक्यांत नाहीं.

त्या शब्दाची उणीव पुढें जाणवली. घोषणा हा युद्धकालीन अधिकाराचा वापर होता. युद्ध संपल्यावर ती टिकेल कीं नाहीं, अशी शंका होती. शिवाय संघराज्याशीं एकनिष्ठ राहिलेल्या केंटकी, मिसूरी, मेरीलँड व डेलावेअर या संस्थानांतील गुलामांना ती लागू नव्हती. टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन येथें तर मुक्ततेची आज्ञा १९ जून १८६५ रोजीं, अडीच वर्षांनीं, जाहीर झाली. 'सदैव'ची उणीव राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें ६ डिसेंबर १८६५ रोजीं भरून काढली. मधल्या काळांत सुमारें एक लक्ष ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या सैन्यांत लढले होते. म्हणजे 'येथून' हा शब्द खरा करण्यास त्यांचेंही रक्त सांडलें होतें.

या घटनेचे पडसाद महाराष्ट्रांतही उमटले. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण करून. पुण्यांतील एका विचारवंताला आपल्या समाजांतील दास्याविषयीं लिहितांना त्या दूरच्या लढ्याची आठवण झाली, यांत नवल नाहीं. न्यायाचीं वचनें बहुधा 'तेथून पुढें' अशा भाषेंत दिलीं जातात. ज्याला तीं मिळतात, तो मात्र 'येथून' या शब्दाचीच वाट पाहत असतो.