लाल ओढ्याचे गाव : रोशिया मोंतानाच्या सोन्याची दोन हजार वर्षे

इ.स. १६४, मे महिन्याची २० तारीख. रोमन साम्राज्याच्या दाशिया प्रांतातील एका डोंगराळ खाणवस्तीत एक करार लिहिला जात आहे. मजुराचे नाव मेमियस आस्क्लेपी. त्याला अक्षरओळख नाही, म्हणून त्याच्या विनंतीवरून फ्लेवियस सेकुंदिनस नावाचा मनुष्य लिहितो आहे. लाकडी फळीवर मेणाचा पातळ थर आणि त्यावर टोकदार लेखणीने कोरलेली अक्षरे, असे या कागदपत्राचे स्वरूप.

कराराचा विषय सोन्याच्या खाणीतील मजुरी. त्या दिवसापासून १३ नोव्हेंबरपर्यंत काम आणि मोबदला ७० दिनार. मालकाच्या इच्छेविरुद्ध काम सोडल्यास किंवा थांबवल्यास मजुराने दर दिवशी ५ सेस्टर्स दंड भरावा. मालकाने मुदत संपल्यावर मजुरी थकवली, तर तीन दिवसांच्या सवलतीनंतर त्यालाही तोच दंड.

एका दिनाराचे चार सेस्टर्स होत. हिशेब मांडला तर रोजची मजुरी दोन सेस्टर्सही भरत नाही. म्हणजे एका दिवसाच्या खाड्याला तीन दिवसांहून अधिक मजुरी जात असे. कागदावर दोन्ही पक्षांना दंड सारखा असला, तरी तो कोणाला अधिक जाचत असेल हे उघड आहे.

याच करारात आणखी एक कलम आहे : खाणीत पाणी भरून काम अडल्यास मजुरी त्या प्रमाणात कापली जाईल. खाण आणि पाणी यांचे वैर या गावाच्या इतिहासात इतक्या आरंभापासून नोंदलेले आहे.

या वस्तीचे रोमन नाव आल्बुर्नुस मायोर. आजचे नाव रोशिया मोंताना. रुमानियाच्या पश्चिम भागात, ट्रान्सिल्व्हेनियातील आपुसेनी डोंगररांगेत हे गाव आहे. सम्राट त्राजानने इ.स. १०६ मध्ये दाशिया जिंकले, आणि त्या विजयामागील एक मोठे आकर्षण सोने हेच होते. खाणकामात तरबेज अशा इलिरियन जमातींचे लोक बाल्कनमधून आणून येथे वसवण्यात आले. युनेस्कोने दिलेल्या अंदाजानुसार रोमन अमलाच्या १६६ वर्षांत या परिसरातून सुमारे ५०० टन सोने निघाले.

काम कसे चाले? खडकाला जाळ लावून तापवायचे, तडे गेले की लोखंडी अवजारांनी फोडायचे. बोगदे समलंब चौकोनी, छिन्नीच्या खुणा आजही स्वच्छ दिसतात. खोलवरचे पाणी उपसण्यासाठी एकावर एक बसवलेली लाकडी चाके. असे सुमारे सात किलोमीटरचे रोमन बोगदे डोंगराच्या पोटात सापडले आहेत.

मेणाच्या त्या फळ्या १७८६ ते १८५५ या काळात जुन्या बोगद्यांतून हाती लागल्या. सुमारे पंचवीस. त्यांत कर्जे आहेत, घराची विक्री आहे आणि इ.स. १३९ मधील एक व्यवहार आहे : पासिया नावाची सुमारे सहा वर्षांची मुलगी २०५ दिनारांना विकली गेली. खाणमजुराच्या सहा महिन्यांच्या मोलाच्या जवळजवळ तिप्पट. आपल्याकडील ताम्रपट राजांची दाने सांगतात. या फळ्या मजुरांची आणि गुलामांची गोष्ट सांगतात, म्हणून त्यांचे मोल निराळे. थिओडोर मॉमसेनसारख्या विद्वानाने लॅटिन शिलालेखांच्या महासंग्रहात त्यांना स्थान दिले, ते उगाच नव्हे.

रोमन गेले, पण सोने उरले. मध्ययुगात जर्मन खाणकरी आले. हॅब्सबर्ग राजवटीत डोंगरमाथ्यावर तलाव बांधून त्यांच्या पाण्यावर दगड कुटणाऱ्या गिरण्या चालवल्या गेल्या. कुटुंबेच्या कुटुंबे लहान लहान खाणी चालवीत. १९४८ मध्ये कम्युनिस्ट सरकारने या सर्व खाणी राष्ट्रीयीकृत केल्या.

खरा बदल झाला तो १९७०च्या दशकात. शिरा शोधत बोगदा खणण्याऐवजी वरून डोंगरच उतरवायचा, म्हणजे उघडी खाण, अशी पद्धत आली. चेताते नावाच्या डोंगराचा माथा सुरुंगांनी उडवला गेला आणि त्याबरोबर तेथील भव्य रोमन उत्खननेही नष्ट झाली. दोन हजार वर्षांत जे टिकले होते, ते काही वर्षांत ट्रकांत भरून गेले.

शेजारच्याच रोशिया पोयेनी येथील तांब्याच्या उघड्या खाणीने जामाना हे गाव गिळले. खाणीचा गाळ साठवण्यासाठी त्याची दरी निवडण्यात आली आणि लोकांना हलवण्यात आले. रंगीबेरंगी गाळाच्या तलावातून चर्चचा मनोरा वर आलेला दिसे. त्याचे छायाचित्र जगभर फिरले आहे.

उघड्या खाणीचे अर्थशास्त्र समजल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. शिरा संपल्यावर उरते ते खडकात विखुरलेले, डोळ्यांना न दिसणारे सोने. रोशिया मोंतानात ते टनामागे सुमारे दीड ग्रॅम. एका तोळ्यासाठी जवळपास आठ टन खडक दळावा लागतो, आणि त्याखेरीज बाजूला काढलेला निरुपयोगी दगड वेगळाच. एवढ्या विरळ सोन्याला वेगळे करते सायनाइड. १८८७ मध्ये ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी ही पद्धत सिद्ध केली : दळलेल्या खडकावर सायनाइडचे सौम्य द्रावण आणि हवा. सोने द्रावणात उतरते. उरतो तो गाळ, आणि तो धरणामागे कायमचा सांभाळावा लागतो.

दुसरा धोका अधिक संथ आहे. अशा खडकात गंधकयुक्त खनिजे असतात. त्यांना हवा आणि पाणी मिळाले की आम्ल तयार होते, आणि ते लोह, जस्त, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये विरघळवून ओढ्यात नेते. खाण बंद झाली तरी ही क्रिया थांबत नाही. रोशिया या नावाचा अर्थच ‘लाल’. हंगेरियन भाषेतील जुने नावही ‘लाल ओढा’ असेच. खाणीतून निथळणाऱ्या पाण्याने गावाला नाव दिले.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील गॅब्रिएल रिसोर्सेस ही कंपनी आली. रुमानियन सरकारचा अल्प वाटा असलेली भागीदारी उभी राहिली. योजना अशी : चार डोंगरांवर चार उघड्या खाणी, सोळा वर्षांत सुमारे ३०० टन सोने आणि १,६०० टन चांदी, वर्षाला सुमारे १२,००० टन सायनाइड. कोर्ना दरीत १८५ मीटर उंचीचे धरण आणि त्यामागे गाळाचा तलाव. कोर्ना हे गाव त्याखाली जाणार होते.

आणि नेमक्या याच वेळी, ३० जानेवारी २००० च्या रात्री, त्याच देशाच्या उत्तरेस बाया मारे येथे ऑरुल कंपनीच्या गाळतलावाचा बांध फुटला. पाऊस आणि वितळते बर्फ यांनी तलाव काठोकाठ भरला होता. सुमारे एक लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश नदीतून हंगेरीतील तिसा नदीत आणि तेथून डॅन्यूबमध्ये गेले. एकट्या हंगेरीने मेलेल्या माशांचा आकडा १,२४० टन सांगितला. तिसाकाठचे कोळी होड्या भरभरून मेलेले मासे बाहेर काढत होते. यातूनच पुढे युरोपीय संघाचा २००६ चा खाण-कचऱ्यासंबंधीचा निर्देश आला. हंगेरीने २००९ मध्ये खाणकामात सायनाइडच्या वापरावर बंदीच घातली.

तरीही रोशिया मोंतानातील प्रश्न ‘कंपनी विरुद्ध गाव’ इतका सरळ नव्हता. सरकारी खाण २००६ मध्ये बंद पडली आणि रोजगार गेला. त्याआधीच, २००२ मध्ये, स्थानिक आराखड्याने परिसर केवळ खाणउद्योगासाठी राखीव ठरवला होता. त्यामुळे पर्यटन किंवा दुसरा व्यवसाय उभा राहण्याची वाटच बुजली. अनेकांनी घरे कंपनीला विकली, आल्बा यूलिया शहराजवळच्या नव्या वसाहतीत ते राहावयास गेले. २०१३ मध्ये काही खाणकामगार प्रकल्पाच्या बाजूने जमिनीखाली ठिय्या देऊन बसले होते, आणि त्यांची मागणी खोटी नव्हती. दुसरीकडे, २००० मध्येच स्थापन झालेल्या ‘आल्बुर्नुस मायोर’ या संघटनेतील शेतकरी घरे विकण्यास नकार देत न्यायालयांचे उंबरठे झिजवीत राहिले. रोमन नाव त्यांनी मुद्दाम निवडले होते.

ऑगस्ट २०१३ मध्ये सरकारने या एका प्रकल्पासाठी खास कायद्याचे विधेयक संसदेकडे धाडले. १ सप्टेंबरपासून बुखारेस्ट, क्लूज आणि अन्य शहरांत लोक रस्त्यावर उतरले. दर रविवारी हजारोंचे मोर्चे, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांचे ढोल. १९८९ नंतर देशाने एवढे दीर्घ आंदोलन क्वचितच पाहिले होते. नोव्हेंबरमध्ये सिनेटने विधेयक फेटाळले, जून २०१४ मध्ये दुसऱ्या सभागृहानेही.

कंपनीने २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेऊन अब्जावधी डॉलरची भरपाई मागितली. देशाला भरपाईची धास्ती इतकी होती की २०१८ मध्ये सरकारने स्वतःचाच युनेस्को प्रस्ताव लांबणीवर टाकण्यास सांगितले. अखेर २७ जुलै २०२१ रोजी रोशिया मोंतानाच्या खाणभूमीला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच दिवशी तिचे नाव ‘धोक्यातील वारसा’ या यादीतही घालण्यात आले. ८ मार्च २०२४ रोजी लवादाने बहुमताने कंपनीचा दावा फेटाळला.

गावातील कित्येक घरे आज रिकामी आहेत, कित्येक पाडली गेली. उन्हाळ्यात वास्तुविशारदांचे स्वयंसेवी गट येतात आणि उरलेल्यांची छपरे व भिंती दुरुस्त करतात. बोगद्यांतून निथळणारे पाणी मात्र अजून ओढ्याला मिळते, आणि त्याचा रंग लालच आहे.